रजेचे अर्ज आणि बेने इस्राएल विद्यार्थी

बेने इस्राएल समाजाविषयीं आजवर जें लिहिलें गेलें आहे, त्यांत नवगांवचें दफनस्थान, सिनॅगॉगांचे शिलालेख, प्रार्थनापुस्तकें आणि घराण्याघराण्यांतून चालत आलेल्या आख्यायिका यांचा उपयोग पुष्कळ झालेला आहे. हैम सॅम्युएल केहिमकर यांनीं 1897 सालीं लिहून पुरा केलेला आणि त्यांच्या मृत्यूनंतर, 1937 सालीं, तेल अवीव येथें छापला गेलेला इतिहास हा या सर्व लेखनाचा पाया होय. परंतु या समाजाचीं मुलें शाळा-महाविद्यालयांत आलीं तेव्हां तेथील सामुदायिक जीवनांत तीं कशीं मिसळलीं, कोठें अडलीं, आणि संस्थांनीं त्यांस जागा करून दिली कीं नाहीं, या प्रश्नाकडे साधनांच्या दृष्टीनें फारसें पाहिलें गेलेलें नाहीं. साधनें नाहींत असें नाहीं. तीं ज्या कागदांत आहेत त्यांस आपण कागदपत्र म्हणत नाहीं, रद्दी म्हणतों, एवढेंच.

आम्ही सध्यां धायरीस राहतों. पुण्याच्या पेठांतील वाडे पडले, त्यांतील पुष्कळ कुटुंबें सिंहगड रस्त्यानें इकडे राहावयास आलीं, आणि त्यांच्याबरोबर माळ्यावरचे पेटारेहि आले. नव्या दोन-तीन खोल्यांच्या घरांत पेटाऱ्यांना जागा कोठून असणार! यामुळें धायरी फाट्याच्या आसपास रद्दीचीं जीं दुकानें आहेत त्यांत अधूनमधून असें कांहीं हातीं लागतें कीं जें पूर्वीं शनिवार-नारायण पेठांत वर्षभर हिंडूनहि मिळत नसे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं आम्हांस तेथें एक दप्तर मिळालें. कोणा विद्यालयांतील लेखनिकाच्या घरचें तें असावें. त्यांत फीच्या पावत्या होत्या, एक अर्धवट वही होती, आणि सुताच्या दोऱ्यानें बांधलेले रजेचे सत्तावीस अर्ज होते. त्यांतील नऊ अर्जांनीं आमचें लक्ष वेधलें. एकांत 'नव्याचा सण असल्यामुळें' असें कारण होतें, दुसऱ्यांत 'दारफाळणीचा उपास', आणि तिसऱ्यांत नुसतें 'उद्यां शनिवार, सबब येतां येणार नाहीं' एवढेंच. सही करणाऱ्या पालकांचीं आडनांवें अलीबाग-पेणकडील गांवांवरून पडलेलीं. विद्यालयाचें अथवा कुटुंबांचें नांव आम्ही येथें देत नाहीं. वंशज हयात आहेत, आणि आमच्या मुद्द्यास त्यांची गरजहि नाहीं.

प्रथम शनिवाराचें पाहूं, कारण सारी अडचण तेथें आहे. कोंकणांत या लोकांस 'शनवार तेली' म्हणत. धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारीं घाणा बंद. शेजाऱ्यांनीं त्यांस जी ओळख दिली ती या दोन गोष्टींवरून. यहुदी धर्माप्रमाणें शब्बाथ शुक्रवारीं सूर्यास्तास लागतो आणि शनिवारीं रात्रीं तारे दिसल्यावर सुटतो. त्या अवधींत अग्नि पेटवावयाचा नाहीं, व्यवहार करावयाचा नाहीं, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें म्हणजे लिहावयाचें नाहीं. तेली आपल्या घाण्याचा धनी होता. त्यानें बैल सोडला कीं झालें. विद्यार्थी वेळापत्रकाचा धनी नसतो. आपल्याकडे शनिवारीं सकाळची शाळा भरण्याची चाल फार जुनी. म्हणजे जी वेळ सिनॅगॉगांतील प्रार्थनेची, नेमकी तीच वेळ हजेरीची. त्यांत परीक्षा आली तर पालकाच्या अर्जानेंहि काम भागत नाहीं. ज्यांचें घर फार कडक नव्हतें त्यांनीं निमूटपणें मुलांस पाठविलें. ज्यांचें होतें त्यांच्या मुलांच्या हजेरीपटांत दर आठवड्यास एक फुली पडत गेली. जुना हजेरीपट हातीं आल्यास फुल्यांची अशी उभी रांग पाहावी. जेथें नांवावरून कांहीं कळत नाहीं तेथें ती रांग बोलते.

नांवावरून कांहीं कळत नाहीं, हें आम्ही मुद्दाम म्हणतों. दिवेकर, राजपूरकर, पेणकर हीं आडनांवें पाहून सूचिकार त्यांस सहज हिंदु समजून पुढें जातो. जुन्या पिढीचीं पाळण्यांतलीं नांवेंहि त्यास चकवितात. मुंबईचें पहिलें सिनॅगॉग 1796 सालीं ज्यांनीं बांधविलें ते सॅम्युएल एझेकिएल दिवेकर लोकांत समाजी हसाजी म्हणून ओळखले जात. तेव्हां जनरल रजिस्टर चाळतांना 'धर्म व जात' हा रकाना पाहावा; आणि त्यांतहि एकच शब्द शोधूं नये. 'बेने इस्राएल', 'इस्राएल', 'यहुदी', 'ज्यू', 'शनवार तेली', असे निरनिराळे शब्द निरनिराळ्या लेखनिकांच्या हातून पडलेले असूं शकतात. त्याच कुटुंबांतील थोरल्या भावापुढें एक आणि धाकट्यापुढें दुसरा शब्द आढळला तरी आश्चर्य मानूं नये.

आतां सणांचीं नांवें. हीं ज्यांस ठाऊक नाहींत त्यांस वरील अर्ज एखाद्या अपरिचित कुळाचाराचे वाटतील. बेने इस्राएलांनीं हिब्रू सणांस पूर्वापार मराठी नांवें दिलीं होतीं. नववर्षाचा रोश हशाना तो 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताचा दिवस योम किप्पूर तो 'दारफाळणीचा सण'. दिवसभर दारें लावून घरांत उपास करावयाचा, त्यावरून. पूरीम तो 'होळीचा सण'. वल्हांडण तो 'अनशी ढाकाचा सण'. आंबट रसाचें भांडें त्या काळांत झाकून ठेवीत, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. आंबविलेलें कांहीं खावयाचें नाहीं हा त्या सणाचा मुख्य नियम ध्यानांत घेतां ही व्युत्पत्ति पटते. मुलाच्या अर्जांत 'योम किप्पूर' न येतां 'दारफाळणी' येते, यावरून एक गोष्ट निघते. मुख्याध्यापकास समजावें म्हणून पालकानें तो शब्द शोधून काढलेला नाहीं. तो त्याच्या घरांतलाच शब्द आहे. आपला सण परक्या भाषेंत भाषांतरून सांगावा लागणें निराळें, आणि ज्या भाषेंत शाळा चालते त्याच भाषेंत तो आधींपासून असणें निराळें.

संग्राहकांच्या उपयोगाची एक गोष्ट येथें विस्तारानें सांगतों, कारण बिनतारखेच्या अर्जाचें वर्ष ठरविण्यास तिचा उपयोग आहे. यहुदी पंचांग आपल्याप्रमाणेंच चांद्र-सौर आहे. एकोणीस वर्षांत सात अधिक मास घालून तेंहि चंद्र आणि सूर्य यांचा मेळ बसवितें. भेद इतकाच कीं आपला अधिक मास संक्रांतिहीन महिन्यावर अवलंबून असल्यानें चैत्रापासून पुढें निरनिराळ्या महिन्यांत येतो, आणि त्यांचा नेहमीं अदार महिन्यालाच जोडून येतो. परिणाम असा होतो कीं त्यांची तिश्री महिन्याची दशमी, म्हणजे दारफाळणी, कांहीं वर्षीं आपल्या आश्विन शुद्ध दशमीच्या आसपास पडते आणि कांहीं वर्षीं बरोबर एक महिना आधीं, भाद्रपदांत, पडते. अलीकडचीच वर्षें घेतलीं तर 2022, 2024 व 2025 या तिन्ही वर्षीं दारफाळणी आणि दसरा एकाच दिवशीं आले: अनुक्रमें 5 ऑक्टोबर, 12 ऑक्टोबर व 2 ऑक्टोबर. उलट 2023 सालीं दारफाळणी 25 सप्टेंबरास झाली आणि दसरा 24 ऑक्टोबरास. 2020 व 2021 मध्यें असेंच महिन्याचें अंतर होतें. पूरीम व होळी यांचेंहि तसेंच. 2025 सालीं होळी 13 मार्चास पेटली आणि दुसऱ्या दिवशीं पूरीम होता. 'होळीचा सण' हें नांव नुसत्या अनुकरणानें आलें असें म्हणणाऱ्यांनीं हें गणित एकदां करून पाहावें.

यावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. ज्या वर्षीं दारफाळणी दसऱ्यास आली त्या वर्षीं विद्यालय बंदच असे, आणि बेने इस्राएल विद्यार्थ्यास अर्ज करण्याचें कारणच पडत नसे. अर्ज सांपडतील ते महिन्याच्या अंतराच्या वर्षांचे, म्हणजे बहुधा सप्टेंबरांतले. आमच्या नऊ अर्जांत दारफाळणीचे तीन आहेत आणि तिन्हींवर सप्टेंबरचा शिक्का आहे. एखाद्या दप्तरांत कांहीं वर्षांचे अर्ज आहेत आणि कांहींचे नाहींत, एवढ्यावरून तें कुटुंब गांव सोडून गेलें किंवा मुलानें धर्माचार टाकला असें अनुमान कोणी काढील, तर तें चुकेल. त्या वर्षीं दसऱ्यानें त्याची सोय केली, एवढाच त्याचा अर्थ असूं शकेल. पुण्याच्या शाळेनें यहुदी मुलास त्याच्या सर्वांत पवित्र दिवसाची सुटी दिली, आणि ती आपण देत आहों हें तिला ठाऊकहि नव्हतें!

न ठरवितां मिळालेल्या सोयीवर मात्र फार भरंवसा ठेवतां येत नाहीं. ठरवून दिलेल्या जागा कोणत्या होत्या हें पाहूं लागलें कीं रजिस्टरांतील दुसरा एक रकाना पुढें येतो. तो द्वितीय भाषेचा. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी 1829 सालीं मुंबईस आले. त्यांनीं 1832 सालीं बेने इस्राएलांसाठीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत लिहून प्रसिद्ध केलें. त्यांचा हेतु धर्मप्रसाराचा होता हें उघड आहे, आणि त्या बाबतींत त्यांस यश आलें नाहीं हेंहि तितकेंच उघड आहे. परंतु ज्या लोकांपाशीं हिब्रूचा पाठ शेमा आणि थोड्या प्रार्थना एवढाच उरला होता, त्यांच्या हातीं तें व्याकरण त्यांच्याच मायबोलींतून आलें, आणि त्यांनीं त्याचा उपयोग आपला धर्म दृढ करण्याकडे केला. अमेरिकन मिशनच्या मराठी शाळांतहि या समाजाचे पंतोजी होते. व्याकरण शिकविणाऱ्याच्या हातांत त्या व्याकरणाचें फळ नसतें, हें आम्हां संस्कृतच्या शिक्षकांस वेगळें सांगावयास नको.

विल्सनसाहेबांच्याच संप्रदायाच्या शाळेंत शिकलेले जोसेफ एझेकिएल राजपूरकर (1834–1905) हे या कथेंतील मुख्य पुरुष होत. मुंबईच्या डेव्हिड ससून विद्यालयांत ते शिक्षक झाले, 1861 सालीं मुख्याध्यापक झाले आणि चाळीसएक वर्षें त्या जागीं राहिले. तें विद्यालय बगदादी यहुद्यांचें. बगदादी लोक बेने इस्राएलांस सर्वस्वीं आपल्या पंक्तीस घेत नसत. तरी त्यांच्या मुलांस शिकविणारा मुख्याध्यापक बेने इस्राएल होता, हा विरोध नजरेआड करण्यासारखा नाहीं. राजपूरकरांनीं हिब्रू प्रार्थनाग्रंथांचीं मराठी भाषांतरें एकामागून एक केलीं. 1871 सालीं ते मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झाले व 1879 सालीं फेलो. हिंदु मुलगा ज्या ठिकाणीं संस्कृत घेई आणि पारशी मुलगा अवेस्ता किंवा फारशी, त्या ठिकाणीं यहुदी मुलगा हिब्रू घेऊं शके, आणि ती उत्तरपत्रिका तपासणारा त्याच्याच जातीचा पंडित असे. सभासंमेलनांच्या शंभर निमंत्रणांपेक्षां या एका रकान्यानें विद्यार्थ्यास महाविद्यालयाशीं अधिक बांधलें असलें पाहिजे, असें आमचें मत आहे. ज्या विषयाची परीक्षा होते तो विषय वर्गांत असतो, पुस्तकालयांत असतो, आणि पारितोषिकांच्या यादींतहि असतो. त्या विषयाचा विद्यार्थी मग पाहुणा राहत नाहीं.

ज्यांस स्वतःची शाळा हवी होती त्यांनीं तीहि काढली. केहिमकरांनीं 1875 सालीं मुंबईंत इस्राएली शाळा स्थापन केली. हिलाच पुढें सर एली कदूरी यांचें नांव मिळालें. तेथें मराठी, इंग्रजी व हिब्रू या तिन्ही भाषा शिकविल्या जात. शाळा अद्याप चालू आहे. तींत आज यहुदी मुलें मात्र बहुसंख्य नाहींत. आमच्या विषयाचा संबंध जेथें विद्यार्थी थोडे आणि इतर पुष्कळ अशा संस्थांशीं आहे, म्हणून या शाळेवर अधिक लिहीत नाहीं.

तशा संस्थांपैकीं पुण्यांतील एकीचें उदाहरण मात्र सोडतां येत नाहीं. 1884 सालीं न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींनीं काढलेली मुलींची शाळा, म्हणजे आपली हुजुरपागा, हिच्या पटांत विसाव्या शतकाच्या आरंभीं रिबेका रूबेन व जेरुशा झिराड या दोन बेने इस्राएल मुली होत्या. रिबेका रूबेन 1905 सालीं मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेंत पहिल्या आल्या. मुलांमुलींत मिळून पहिला क्रमांक मुलीस मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग. पुढें त्या डेक्कन कॉलेजांत शिकल्या, इंग्लंडांत जाऊन अध्यापनशास्त्राचें शिक्षण घेऊन आल्या, आणि 1922 पासून 1950 पर्यंत वर सांगितलेल्या इस्राएली शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. जेरुशा झिराड या वैद्यकास गेल्या, लंडनची एम. डी. झाल्या आणि 1928 पासून 1947 पर्यंत मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख राहिल्या; 1966 सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. ज्या काळीं मुलीस शाळेंत पाठविणारीं घरें मोजकीं होतीं त्या काळीं आलेली प्रत्येक मुलगी संस्थेस हवी होती. ती कोणत्या दिवशीं उपास करते हा प्रश्न त्यापुढें लहान ठरत असावा, असा आमचा तर्क आहे. या दोघींच्या वेळचे रजेचे अर्ज, वसतिगृहाच्या भोजनाच्या नोंदी किंवा घरीं लिहिलेलीं पत्रें कोणाच्या संग्रहीं असतील तर तीं सोन्याच्या मोलाचीं होत. मांसाहाराचे यहुदी नियम आणि पुण्याच्या वसतिगृहाचा शाकाहार यांचा मेळ तेथें आपोआपच बसला असणार, हें जातां जातां नमूद करण्यासारखें आहे.

वर्गाबाहेरचें जीवन, म्हणजे स्नेहसंमेलन, वक्तृत्वसभा, नाटकें, सहली, यांत हा विद्यार्थी कितपत होता? येथें भाषा त्याच्या बाजूची होती. हरिदासांचीं कीर्तनें ऐकून बेने इस्राएलांनीं 1880 सालीं मुंबईंत स्वतःचें कीर्तनोत्तेजक मंडळ काढलें आणि अब्राहाम, योसेफ यांचीं चरित्रें साकी-दिंडी-ओव्यांत लावून टाळ-पेटीवर म्हटलीं. ज्या घरांत असें कीर्तन होतें त्या घरच्या मुलास संमेलनाच्या रंगमंचावर मराठी पद म्हणण्याची भीति कोठून वाटणार? अडचण आली ती भाषेनें नव्हे. ती वारानें आली.

याचा एक पुरावा आमच्याच शिक्षकी आयुष्यांत आहे आणि तो आमच्या विरुद्ध जाणारा आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या संस्कृतच्या वर्गांत एक बेने इस्राएल मुलगा होता. हिब्रूची सोय त्या शाळेंत नव्हती, म्हणून त्यानें संस्कृत घेतलें होतें आणि त्याचे उच्चार वर्गांत सर्वांत शुद्ध होते. संमेलनासाठीं आम्हीं भासाच्या 'मध्यमव्यायोगा'तील एक प्रवेश बसविला आणि घटोत्कचाचें काम त्यास दिलें. तालमी शुक्रवारीं संध्याकाळीं ठेवल्या, कारण त्या दिवशीं सभागृह मोकळें असे. मुलगा पहिल्या तालमीस आला आणि दिवेलागणीच्या आधीं निघून गेला. दुसऱ्या वेळीं त्यानें वडिलांचा अर्ज आणला. आम्हीं तो वाचला, 'घटोत्कचास वेळ नसेल तर दुसरा पाहावा लागेल' असें म्हणालों, आणि काम दुसऱ्या मुलास दिलें. तालीम गुरुवारीं ठेवतां येईल कीं काय, हें सभागृहाच्या शिपायास विचारण्याचेंहि आमच्या मनांत आलें नाहीं. पुढल्या वर्षीं त्या मुलानें कशांतच नांव दिलें नाहीं. कोणीं त्यास वगळलें असें म्हणतां येणार नाहीं; तो आपण होऊन दूर राहिला असेंच तेव्हां शिक्षकांच्या खोलींत बोललें गेलें. नंतर तें कुटुंब इस्राएलास गेलें. तो अर्ज आज आमच्यापाशीं नाहीं. सत्रअखेरीस कपाट आवरतांना आम्हींच तो फाडून टाकिला असला पाहिजे.

बाहेरच्या जगांत हा प्रश्न निराळ्या रूपानें आला. हंगेरींत 1920 सालीं कायद्यानें विद्यापीठांतील यहुदी विद्यार्थ्यांच्या संख्येस मर्यादा घालण्यांत आली. अमेरिकेंत हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनीं 1922 सालीं तशीच मर्यादा घालण्याची सूचना मांडली. त्याच देशांत 1923 सालीं इलिनॉय विद्यापीठापाशीं 'हिलेल' या नांवाची संस्था निघाली. विद्यापीठाच्या आवाराजवळ यहुदी विद्यार्थ्यांसाठीं एक घर असावें, तेथें शब्बाथचें भोजन व्हावें, धर्मशिक्षण व्हावें, आणि तेथून त्यांनीं विद्यापीठाच्या जीवनांत भाग घ्यावा, ही तिची कल्पना. तिच्या शाखा आज अनेक देशांत आहेत. जेथें विद्यार्थी शेंकड्यांनीं आहेत आणि भोंवतालीं तिरस्काराचा इतिहास आहे, तेथें अशा घराची गरज आम्हांस समजते. पुण्यांत त्या तिरस्काराचा मागमूस नव्हता, हें या शहराचें भूषण खरेंच. पण आमच्या वर्गांत एकच मुलगा होता. एका मुलासाठीं कोणी घर बांधीत नाहीं. त्याच्यासाठीं वेळापत्रकांतला एक वार हलवावा लागतो, आणि तें काम समाजाचें नसून संस्थेचें असतें. तिरस्कार नसला म्हणजे सर्व झालें, अशी जी एक सुखद समजूत आपल्यांत आहे, ती आमच्या अनुभवास उतरत नाहीं.

1948 नंतर बेने इस्राएलांपैकीं बहुसंख्य लोक हळूहळू इस्राएलास गेले. पुण्यांत 1867 सालीं पुरें झालेलें ससूनांचें लाल देऊळ आणि रास्ता पेठेंतील 1921 सालचें सुक्कथ शेलोमो हीं दोन्ही उभीं आहेत. समाज थोडका उरला आहे. जून 2016 मध्यें महाराष्ट्र शासनानें यहुद्यांस धार्मिक अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हां विद्यार्थ्याच्या प्रवेशपत्रावर त्याची स्वतंत्र ओळख लिहिण्यास पुन्हां आधार मिळाला. रकाना परत आला. तो भरणारे हात मात्र आतां थोडे आहेत. आमच्या धायरीपासून नऱ्हे-आंबेगांवापर्यंत महाविद्यालयांची रांग लागली आहे. त्यांतील एखाद्या वर्गांत आज असा एखादा विद्यार्थी असेल, तर त्याचा अर्ज कागदावर येत नसून दूरध्वनीवरील निरोपानें येतो, आणि तो निरोप कोणी दोऱ्यानें बांधून ठेवीत नाहीं.

शेवटीं त्या गाठोड्यांतील अर्धवट वहीविषयीं. ती आमच्या हातीं आली तेव्हां कोणीतरी तिच्या उलट्या बाजूस क्रमांक घालून ठेवले होते. वही हिब्रूच्या अभ्यासाची आहे. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून तिचें पहिलें पान आपल्या दृष्टीनें शेवटचें. पानाच्या उजव्या अर्ध्यांत हिब्रू अक्षरें वळणदार काढलेलीं आहेत आणि डाव्या अर्ध्यांत त्यांचे उच्चार बालबोध लिपींत लिहिले आहेत. मराठी व हिब्रू एकाच पानावर मांडण्याची ही रीत छापील ग्रंथांतहि होती. वल्हांडणाच्या रात्रीं घरांत वाचावयाचा हागादा मुंबईस 1846 सालीं शिळाछापावर मराठीसह निघाला, आणि पुण्यासहि 1874 सालीं छापला गेला. पुण्याच्या प्रतींत लुगडीं नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करीत असल्याचें चित्र आहे. त्या रात्रीं घरांतील सर्वांत धाकट्या मुलानें प्रश्न विचारावयाचे आणि वडिलांनीं उत्तरें द्यावयाचीं, असा त्या ग्रंथाचा रिवाज आहे. आमच्या वहींत एका पानावर तेच प्रश्न मुलाच्या हातचे उतरून घेतलेले आहेत, आणि समासांत, निराळ्या शाईनें, शनिवारच्या गणिताच्या परीक्षेची वेळ लिहिलेली आहे.

वाचकांपैकीं कोणापाशीं जुन्या शाळा-महाविद्यालयांचे हजेरीपट, रजेचे अर्ज, संमेलनांच्या हस्तपत्रिका किंवा अशा उलट्या बाजूनें सुरू होणाऱ्या वह्या असतील, तर त्यांनीं त्या रद्दींत घालण्यापूर्वीं मंडळाच्या दप्तरखान्यांत दाखवाव्यात. अर्जांचे दोरे सोडूं नयेत. कोणता अर्ज कोणत्या अर्जाखालीं होता यावरूनहि वर्ष लागतें. क्रमांक घालणें झाल्यास शिसपेनीनें घालावेत, आणि त्यापूर्वीं पहिलें पान कोणतें याची खात्री करून घ्यावी.